सहा खाचांचा चमचा

मुलगा डॉक्टरकडून आला तो थेट जेवायच्या टेबलाशी बसला आणि बूटही न काढता म्हणाला, "मला खाली उतरवणार आहेत."

मुलगा बंदरावर क्रेन चालवायचा. बोटीतले लोखंडी डबे उचलणारी क्रेन, नुसता जिना चढायलाच दहा मिनिटं लागतील इतकी उंच. वर काचेच्या केबिनमध्ये तो एकटा. बाविसाव्या वर्षी तो तिथे चढला, त्याला सोळा वर्षं झाली. कंपनी दरवर्षी सगळ्यांची तपासणी करायची. या वेळी त्याच्या रक्तदाबाचा वरचा आकडा निघाला एकशे चौसष्ट. डॉक्टरांनी बारा आठवडे दिले होते. तेवढ्यात एकशे चाळीसच्या खाली आला तर ठीक. नाही तर केबिन बंद, गेटवर बसून गाड्यांचे नंबर लिहायचे.

"म्हणजे नोकरी तर राहील ना?" सूनबाईनं विचारलं.

"नोकरी राहील गं. मी नाही राहणार. त्या गेटवर आठ दिवसांत मरेन मी."

तो बोलायचं म्हणून बोलून गेला. पण समोर त्याचे वडील बसले होते आणि त्यांचा घास तोंडातच राहिला. त्यांची बायको जाऊन आठ महिने झाले होते. सकाळी कपड्यांच्या घड्या घालत होती, टॉवेल हातात धरून खाली बसली आणि उठलीच नाही. तिलाही हाच आजार होता. औषध घेतेस का म्हणून ते रोज विचारायचे आणि हो म्हटलं की सुटलो म्हणून कामाला निघून जायचे. ताटात काय पडतंय ते त्यांनी कधी बघितलं नाही. आता बघणार होते.

गल्लीत त्यांना पायवाले म्हणत. चाळीस वर्षं ते खुर्च्यांचे आणि पलंगांचे पाय करत आले होते. घराच्या मागेच छोटं दुकान, त्यात एक लेथ, एक खिडकी आणि गुडघाभर भुसा. खिडकीतून बंदरावरची क्रेन दिसायची. बायको असताना ती दुपारी डबा घेऊन यायची आणि क्रेनकडे बघून म्हणायची, "तुमचा लेक जेवला असेल का हो?"

डॉक्टरांनी दिलेला कागद सूनबाईनं फ्रिजवर चिकटवला. मीठ निम्मं, तळलेलं बंद, पाकिटातलं बंद, भाज्या जास्त. सूनबाई पोस्टात काउंटरवर होती. कागदावर लिहिलंय ते त्याच दिवशी झालं पाहिजे, ही तिची सवय. दुसऱ्या दिवशी तिनं भोपळ्याचं सूप केलं, त्यात मीठ घातलंच नाही, सोबत उकडलेला कोबी ठेवला.

मुलानं एक चमचा घेतला आणि खिडकीबाहेर बघत बसला.

"काय झालं?" ती म्हणाली.

"काही नाही. हॉस्पिटलात कोणाला भेटायला आलोय ते आठवतोय."

"नाटकं नकोत. खा."

"आई, हा कोबी तू एकदाच उकडलास की आधी कोणी उकडून वाळत घातला होता?" नात म्हणाली. ती दहा वर्षांची. घरात कधी एका जागी टिकायची नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत.

"तू पण त्यांच्याच बाजूची!"

मुलगा उठला, ओट्यावरच्या मिठाच्या डब्यातून लाकडी चमचा काढला आणि टेबलावर ठेवला. "हे बघा. आईच्या हयातीत या घरात मोठ्या भांड्याला हा एक चमचा सपाट मीठ पडत होतं. छोट्या भांड्याला अर्धा. आईची एवढीच एक गोष्ट उरलीय इथे. तिची चव मी या घरातून जाऊ देणार नाही. बाकी काय बंद करायचं ते करा."

सूनबाईनं चमचा उचलून परत डब्यात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून सपाट एक चमचा सुरू झाला.

तो चमचा पायवाल्यांनीच केलेला. लग्नाच्या पहिल्या वर्षी, नासपतीच्या फळीचा तुकडा उरला होता त्यातून. बायकोनं एकदा तो गॅसजवळ विसरला म्हणून दांड्याची एक कड जळून काळी झाली होती. त्यावरून दोघांचं भांडणही झालं होतं, चांगलं दोन दिवस. आता ती काळी कड दिसली की ते बोटानं चाचपून बघायचे.

बाकीचं थोडंफार जमत होतं. सूनबाई डब्यात गाजराच्या फोडी द्यायची, चिप्सची पाकिटं तिनं घरातून हाकलली होती. आठवड्यानं मुलगा म्हणाला, "गाजरं छान होती. कबुतरांचा रक्तदाब आता एकदम झकास आहे." सूनबाईनं त्या दिवशी त्याच्याशी बोलणं टाकलं.

मुख्य घोडं अडलं होतं ते मिठावर. पायवाले दुकानात बसून विचार करत राहिले. त्यांना डॉक्टरकीतलं काही कळत नव्हतं, खुर्च्यांतलं कळत होतं. खुर्चीचे पाय एकदम इंचभर कापले तर बसणारा लगेच बोंब मारतो. तेच चारही पाय केसाएवढे केसाएवढे तासत गेलं, तर दोन महिन्यांनी त्याला वाटतं की आपलेच पाय लांब झाले.

त्यांनी फळ्यांच्या ढिगात हात घातला. नासपतीची ती जुनी फळी अजून होती, तळाशी, धुळीत.

पहिला चमचा त्यांनी दोन दुपारींत केला. बाहेरून अगदी तसाच. वाटीचा खोलगटपणा मात्र थोडा कमी, तळ एवढासा जाड. चहाच्या पाण्यात रात्रभर बुडवून रंग आणला, दांड्याची कड तापलेल्या सळीनं जाळली, सँडपेपरनं झिजवली. रविवारी घर रिकामं असताना तो डब्यात ठेवला आणि जुना चमचा रुमालात गुंडाळून दुकानाच्या खणात. खण बंद करताना त्यांना चोरी केल्यासारखं वाटलं. आणि ती पण कोणाची, तर पोटच्या पोराची.

"तूच सांग, दुसरं काय करू?" ते खणाकडे बघून म्हणाले. असं ते हल्ली बायकोशी बोलायचे. दुकानात ऐकायला कोणी नव्हतं.

त्या रात्री मुलानं सूप प्यायलं, दुसऱ्यांदा वाढून घेतलं. पायवाल्यांचा जीव भांड्यात पडला. दोन आठवड्यांनी दुसरा चमचा आला, त्यानंतर दोन आठवड्यांनी तिसरा. चौथ्याच्या वेळी त्यांना स्वतःलाच घास फिका लागला, पण चार दिवसांत तो फिकेपणा कुठे गेला ते कळलं नाही. पाचव्या चमच्याच्या आठवड्यात मुलगा बटाट्याचा रस्सा खाता खाता थांबला आणि म्हणाला, "आज अगदी आईसारखं झालंय."

पायवाल्यांना ठसका लागला. सूनबाईनं पाण्याचा पेला पुढे केला आणि त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

सहावा चमचा शेवटचा. तो डब्यात ठेवला तेव्हा तपासणीला नऊ दिवस होते.

तपासणी मंगळवारी. आदल्या रविवारी दुपारी सूनबाईला ताप होता, ती आत झोपली होती, म्हणून मुलगा स्वतः अंड्याचा रस्सा करायला उभा राहिला. पायवाले कांदे चिरत होते. मुलानं मीठ घेतलं, चमचा सपाट केला, भांड्यात झटकला. मग तो डब्यात न ठेवता उजेडाकडे धरला.

"बाबा, याच्या दांड्यावर सहा खाचा कसल्या?"

पायवाल्यांच्या हातातली सुरी थांबली. पायांचा संच करताना कुठला पाय कुठे बसतो ते कळावं म्हणून ते प्रत्येकाच्या टोकाला पटाशीनं बारीक खाचा पाडायचे. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन. चाळीस वर्षांची सवय, हात विचारत नाही. सगळं लपवलं होतं त्यांनी, रंग, डाग, झीज. आणि दांड्याच्या खालच्या अंगाला स्वतःच्याच हातानं नंबर टाकून बसले होते.

"आईच्या चमच्यावर खाचा नव्हत्या," मुलगा म्हणाला. "बाबा, हा आईचा नाही. तिचा कुठे आहे?"

"दुकानात."

"दुकानात म्हणजे? तुम्ही काढून घेतलात? मला न सांगता?"

"तुला सांगितलं असतं तर तू—"

"आईची एक वस्तू होती हो घरात! एक!"

"बाबा, ओरडू नका," भिंगरी दारातून म्हणाली, "आकडा चढेल."

"तू आत जा!"

"आत आई आहे. ती म्हणते तुम्ही बाहेर जा."

पायवाले उठले, दुकानात गेले, रुमालातला चमचा घेऊन आले. वाटेत एवढंच डोक्यात होतं की दोन दिवस राहिलेत, आणि आपण एका फटक्यात अकरा आठवडे पाण्यात घातले. हा आता रागानं मूठभर मीठ खाईल आणि मंगळवारी गेटवर जाऊन बसेल. आणि मग एक दिवस टॉवेल हातात घेऊन खाली बसेल.

मुलानं रुमाल सोडला. दोन्ही चमचे शेजारी ठेवले. काळी कड सारखी, लांबी सारखी. त्यानं सहा खाचांचा चमचा मिठानं भरून जुन्या चमच्यात ओतला. अर्धी वाटीसुद्धा भरली नाही. पुन्हा भरला, पुन्हा ओतला. तरी कड दिसत राहिली.

"किती दिवस चाललंय हे?"

"पहिल्या महिन्यापासून. दर दोन आठवड्यांनी एक."

मुलानं जुना चमचा काठोकाठ भरला, सपाट केला आणि सगळं मीठ रश्शात टाकलं. आधीचं होतंच. "आज आईच्या चमच्यानं जेवायचं," तो म्हणाला. "सगळ्यांनी."

सूनबाई शाल पांघरून येऊन बसली. रस्सा वाढला. मुलानं मोठा घास घेतला, एकदा चावला आणि त्याचं तोंड असं झालं की भिंगरी फसकन हसली. त्यानं कसाबसा गिळला आणि पेलाभर पाणी एका दमात संपवलं.

"दोनदा पडलंय ना, म्हणून," तो म्हणाला.

"नाही हो," सूनबाई म्हणाली. "दोन्ही मिळून आधीच्या दीड चमच्याएवढंही नाही. आणि तुम्ही पूर्वी त्यावर वरून भुरभुरवायचात. विसरलात?"

"तुला हे माहीत होतं?"

"दुसऱ्या चमच्यालाच कळलं. मी रोज सपाट करते ना बोटानं. शिवाय महिन्याला संपणारं मीठ दोन महिने पुरायला लागलं. म्हटलं, बाबा करतायत ते करू देत. माझं कोबीचं तर तुम्ही ऐकलं नव्हतंत."

मुलानं आणखी एक घास घेऊन बघितला. हट्टानं. मग चमचा खाली ठेवला आणि दोन्ही हात डोळ्यांवर धरले.

"मला आवडत नाही हे," तो म्हणाला. "आईचं जेवण मला खारट लागतंय, बाबा."

पायवाल्यांना जे वाटत होतं तेच ते बोलले. "अरे, तिची चव मिठात असती तर मी समुद्रात जाऊन बसलो असतो. ती लसूण हातानं ठेचायची. गॅस बंद केल्यावर लिंबू पिळायची, आधी नाही. आणि कोणी जेवलं नाही तर स्वतः जेवायची नाही. ते करायला कोणी अडवलंय?"

मग भिंगरी म्हणाली, "मला भूक लागलीय, आणि हे कबुतरंपण खाणार नाहीत."

मुलगा हसला. नाक पुसलं, भांडं उचलून ओट्याशी गेला. नवीन रस्सा टाकला. लसूण हातानं ठेचला, सालीसकट. मिठाच्या डब्यापाशी क्षणभर थांबला आणि सहा खाचांचा चमचा उचलला.

मंगळवारी सकाळी पायवाले दुकानात आले ते लेथ सुरू न करताच खिडकीपाशी बसले. डबा शेजारी होता, उघडलेला नव्हता. क्रेन जागच्या जागी उभी होती, हात ताठ, हूक रिकामा. मुलगा म्हणाला होता, पास झालो तर वर जाऊन दोनदा भोंगा वाजवीन. नापास झालो तर घरी येऊनच सांगेन.

दहा वाजले. साडेदहा वाजले. जिन्यावर कोणी दिसतंय का ते बघायला त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. एवढ्या लांबून माणूस मुंगीएवढाही दिसत नाही हे त्यांना माहीत होतं. अकराच्या सुमाराला मागचं दार वाजलं आणि त्यांनी झटकन मागे वळून बघितलं. शेजारचा गादीवाला होता. पलंगाचे पाय झाले का विचारत होता.

"उद्या ये."

"अहो, कालही उद्याच म्हणालात."

"मग परवा ये!"

तो बडबडत वळला आणि तेवढ्यात भोंगा वाजला. एकदा. पायवाले उभे राहिले. भोंगा कामासाठीही वाजतो, त्याचं काय एवढं. मग दुसऱ्यांदा वाजला, लांबलचक, आणि क्रेनचा हात हळूच हलून बोटीच्या बाजूला सरकायला लागला.

"काय झालं हो?" गादीवाला म्हणाला. "रडताय?"

"भुसा गेला डोळ्यात. बस. जेवतोस का?"

त्यांनी डबा उघडला. हाताला लागलं ते लाकूड पुढे ओढून त्यावर गादीवाल्याला बसवलं, अर्धा रस्सा झाकणात काढून दिला. गादीवाल्यानं घास घेतला आणि म्हणाला, "यात मीठ घालायचं राहिलंय."

पायवाल्यांनी चाखून बघितलं. "नाही," ते म्हणाले, "बरोबर आहे." मग क्रेनकडे बघत म्हणाले, "लेक जेवला असेल का?" आणि ते कोणाला विचारलं ते गादीवाल्याला कळलं नाही, पण त्यांना अकरा महिन्यांत पहिल्यांदा सडकून भूक लागली होती. त्यांनी पावानं डबा पुसून घेतला.