बावीस पौंडांचा अपमान

दातांच्या डॉक्टरीणबाई कॉलेजात असताना तिरंदाजीत पहिल्या आल्या होत्या. घरात ही गोष्ट कुणी विसरलं नव्हतं, कारण त्या विसरूच देत नव्हत्या. सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांनी जाहीर केलं, की आता पुन्हा धनुष्य धरायचं. तेही साधं लाकडी. चाकं-दुर्बिणी लावलेलं यंत्र नको.

"योगासनंही असतात," नवरा म्हणाला. "त्यात सहसा कुणी जखमी होत नाही."

तरी रविवारी तो सोबत गेला. फुकटचा तमाशा सोडणाऱ्यांतला तो नव्हता.

धनुष्यं बनवणाऱ्या काकूंच्या लांबोडक्या खोलीत जमिनीवर भुसा होता, सरसाचा वास होता आणि खुंट्यांना वीसेक धनुष्यं टांगलेली होती. बाईंनी त्यातलं सर्वांत देखणं, काळसर लाकडाचं, अचूक हेरलं.

"त्याचा ताण चाळीस पौंडांचा आहे," काकू म्हणाल्या. "शेवटचं कधी ओढलं होतंत?"

"पंचवीस वर्षं झाली. पण अंगवळणी पडलेलं कुठे जातंय?"

"वळण राहतं हो, अंग जातं. बावीसचं घ्या. सहा महिन्यांनी पुढचं बघू."

बावीस! बाईंनी काळं धनुष्य उचललं आणि ओढून दाखवलं. म्हणजे अर्ध्यापर्यंत ओढलं. उरलेलं अर्धं चेहऱ्यावरच्या आत्मविश्वासाने भरून काढलं. "हेच द्या," त्या म्हणाल्या. नवरा छताकडे बघत राहिला.

संध्याकाळी मैदानावर पहिला बाण बारा पावलांवर गवतात शिरला. दुसऱ्याच्या वेळी दोरीने हातावर असा फटका मारला, की बाईंच्या तोंडून डॉक्टरांना न शोभणारा शब्द निघाला. चौथ्या बाणाला खांद्यात कळ आली.

सोमवारी दवाखान्यात दिव्यापर्यंत हातच जाईना. खुर्चीत निवृत्त हेडमास्तर आ वासून बसले होते. बाई तिसऱ्यांदा "आई गं" म्हणाल्या, तेव्हा हेडमास्तरांनी तोंडातला कापूस काढला आणि ते मायेने म्हणाले, "घाबरू नका, डॉक्टर. थोडंसंच दुखेल."

बुधवारी नवऱ्याला न सांगता बाई काकूंकडे गेल्या. एका हातात काळं धनुष्य, दुसरा हात काळानिळा.

काकूंनी कोपऱ्यातून कागदात गुंडाळलेलं बावीसचं धनुष्य काढलं. त्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'दातवाल्या बाई'.

"तुम्ही आधीच बांधून ठेवलं होतंत?"

"सगळे परत येतात. तुम्ही तीन दिवसांत आलात, हुशार आहात. एका पहिलवानाला महिना लागला."

पहिलवानाचं ऐकून बाईंना एकदम बरं वाटलं. खांदा बरा व्हायला मात्र पंधरा दिवस गेले. मग त्यांनी मैदानावर बावीसचं धनुष्य कानापर्यंत ओढलं, श्वास धरला आणि बाण सोडला. तो निशाणाच्या फळ्याच्या अगदी काठाला लागला. आणखी बोटभर सरकला असता तर गवतातच.

"लागला!" बाई ओरडल्या.

"काठाला," नवरा म्हणाला.

"दुसरा बाण दे."

त्याने दिला.