एक जानेवारीचं भूत

सकाळचे साडेसात वाजले होते आणि धारूर घाटाखालच्या चारा छावणीत तीनशे माणसं एका कॉम्प्युटरसमोर हात जोडून उभी होती. मागे नऊशे जनावरं होती. त्यांनी हात जोडले नव्हते, एवढाच फरक.

कॉम्प्युटर छावणी चालवणाऱ्या दूध संस्थेचा. त्यातून चिठ्ठी निघाल्याशिवाय दावणीला चारा पडत नसे आणि थंडी पडल्यापासून सिदूबाबा आल्याशिवाय कॉम्प्युटर चालू होत नसे. बाबा टेबलाखाली निखाऱ्यांचं घमेलं सरकवत, त्यावर ऊद टाकत आणि डोळे फिरवत.

"जाग रे जाग, वायरीच्या वेताळा! आठ दिशा बांधल्या, नववा पिलग बांधला! म्हसोबाची आन, मेन स्विचची आन!"

अर्ध्या तासानं डब्यातून 'टीं' असा आवाज येई, पडदा उजळे आणि बाबांचा जयजयकार होई. मग प्रत्येक दावणीतून चाऱ्याची एक पेंढी बाबांच्या गोठ्याकडे जाई. त्या दुष्काळात अख्ख्या पंचक्रोशीत चारच म्हशी गुबगुबीत होत्या. चारही बाबांच्या. हाही चमत्कारच.

चिठ्ठ्या काढायला बसायची मनकर्णा. ती बाबांकडे बघत नसे. पडदा उजळला की तिची नजर खालच्या कोपऱ्यात जाई. तिथे रोज तीच तारीख असायची : ०१/०१/२००३.

त्या दिवशी उसाची ट्रॉली उलटून तिचा नवरा शहादेव गेला होता.

ती तारीख बदलायची. रात्री वीज जायची. सकाळी परत तीच तारीख. पंधरा दिवस तिनं कुणाला सांगितलं नाही. एकदा खोलीत कुणी नसताना डब्याजवळ तोंड नेऊन हळूच विचारलं मात्र, "अहो, काई सांगायचंय का?" आतला पंखा नुसता घरघरला.

सोमवारी ती घाईत तारीख बदलायला विसरली. शंभर चिठ्ठ्या जुन्या तारखेच्या निघाल्या. तिची चुलतसासू भामाबाई हिनं आपली चिठ्ठी कुणाकडून तरी वाचून घेतली आणि छातीवर हात मारला.

"अगं बया! ह्यो तर आपल्या शहादेवाचा दिस!"

बाबांना आयतं कोलीत मिळालं. "डब्यात शहादेव बसलाय. ह्या बाईनंच बसवलाय! उद्या मंगळवार. हिनं तळहातावर निखारा घ्यायचा. फोड आला तर बाई खोटी. गाय-वासरू सोडायचं आन् छावणीभाईर व्हायचं."

मनकर्णेनं संस्थेचे चेअरमन आप्पाराव यांच्याकडे पाहिलं. ते घाटाकडे बघत म्हणाले, "आता बाबाच म्हनतेत तर..."

निखारा घेऊनही फोड येणार नाही असा हात कुणाचा, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

दुपारी ती खोलीत आपला उजवा हात मांडीवर ठेवून बसली होती. तेवढ्यात त्रिंबक आत आला. धारूरला त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. ते बंद पडलं आणि आता तो दोन बैल घेऊन छावणीत होता.

"ताई, बाबा नसताना ह्ये कधी चालू झालंय का?"

"आयतवारी. बाबा आष्टीला गेलते, चिठ्ठ्या आदल्या दिशीच काढलेल्या, म्हनून हितं कुनी नव्हतं. वरचा पत्रा तापला आन् साडेअकराला आपसूक झालं."

"मग कावून सांगितलं न्हाई?"

"मला वाटलं... ते ऊन खायला आले."

त्रिंबक हसला नाही. "आमच्या दुकानात असे रेडिओ लई यायचे. उन्हात ठेवल्याबिगर बोलत नसत. मी धारूरहून येक सेल आनतो. पन उद्या झाकन तुमीच उघडायचं. मी उघडलं तर बाबा म्हनंल, ह्यानंच भूत पळवलं."

"मी न्हाई उघडनार. आत ते असले तर?"

"असले तर भेट व्हईल की!"

मंगळवारी बाबांनी चिमट्यात निखारा धरला. मनकर्णेनं हात पदराआड नेला. मग म्हणाली,

"बाबा, आदी मंत्र म्हना. घमेलं भाईर ठिवून."

"निखारा म्हंजी देवाचा डोळा हाय, बाई!"

"मग देव आंधळा हाय काय बे?" त्रिंबक मागून ओरडला. लोक हसले. बाबांचा नाइलाज झाला.

तासभर वेताळ झाला, म्हसोबा झाला, मेन स्विच झाला. पडदा काळाच. मग मनकर्णेनं घमेलं स्वतः टेबलाखाली सरकवलं आणि तोंड मिटून बसली. अर्ध्या तासानं : टीं!

"अगं, हिला तर मंतर येतच न्हाई!" भामाबाई म्हणाली.

पण कोपऱ्यात तारीख तीच. बाबा उसळले, "बघा! शहादेव!"

मनकर्णेनं वायर काढली, स्क्रू सोडवले. लोक चार पावलं मागे सरले; आप्पाराव भामाबाईच्या मागे. तिनं डोळे गच्च मिटले आणि झाकण ओढलं.

आत दहा वर्षांची धूळ आणि एक वाळलेली पाल.

त्रिंबकनं मोठ्या हिरव्या पट्टीवर बोट ठेवलं. "ह्यो मदरबोर्ड. आन् ही बारकी पिपं म्हंजी कंडेन्सर. टकुरी कशी फुगलीत बघा. आतला रस वाळत आला की गारठ्यात काम करत न्हाईत, म्हाताऱ्याच्या गुडघ्यावानी. शेक दिला की चालतेत. दहा वर्सं धूळ, ऊन, लाइटीचं जानं-येनं सोसलंय ह्यानं. म्हातारं झालंय, झपाटलेलं न्हाई."

"आन् तारीख?" आप्पारावांनी भामाबाईच्या खांद्यावरून विचारलं.

"शाळंच्या दाखल्यावर ज्याची जन्मतारीख एक जून हाय, त्यानं हात वर करा."

पहिला हात आप्पारावांचा. मग निम्मी छावणी. सवयीनं बाबांचाही हात वर गेला, चिमट्यासकट.

"सगळ्यांच्या आया येकाच दिवशी बाळंत झाल्या व्हय? मास्तरला तारीख ठाव नव्हती, त्यानं एक जून लिवली. ह्याच्या कारखान्यातल्या मास्तरनं एक जानेवारी लिवलीय. लाइट गेल्यावर खरी तारीख ध्यानात ठेवायला ह्यो रुपयाएवढा सेल असतो. त्यो संपला. मग ह्ये दाखल्यावरची सांगतंय!"

नवा सेल बसला. मनकर्णेनं तारीख घातली, वायर उपटली, थोडं थांबून परत लावली. टीं! २२/०१/२०१३.

भामाबाई हळूच जवळ आली. "मग आपला शहादेव गं?"

"गेले ते, आत्याबाई. दहा वर्सं झाली." तिनं पदरानं डब्यातली धूळ पुसली. रिकामा डबा बघून क्षणभर तिचे डोळे भरले. मग ती लोकांकडे वळली. उजवा हात पुढे धरला. त्यावर एकही फोड नव्हता. "मी आजूनबी भ्यालेलीच हाय. भ्या की तुमीबी. पन आदी झाकन उघडून बघा. बाबा उघडू देत न्हाई म्हनला, तर समजा, आत त्याचीच भाकरी हाय."

मग ती खुर्चीवर बसली. कंडेन्सर बदलून येईपर्यंत घमेलं राहिलं, ऊद गेला. बाबांच्या चार म्हशींना नियमानं चार चिठ्ठ्या निघाल्या. पेंढी मात्र कुणी दिली नाही, आणि त्या म्हशी लवकरच इतर म्हशींसारख्या दिसू लागल्या. त्याला कुणी चमत्कार म्हटलं नाही.