न पडणारं स्विच

पाण्यात माणसं उतरणार आहेत, कापड नाही. एवढी साधी गोष्ट माझ्या जेठांच्या डोक्यात शिरत नव्हती, याचा मला अजून संताप येतो.

जेठ म्हणजे माझे थोरले दीर, गजेंद्रदादा. सुरतजवळ पलसाण्याला त्यांची कापड रंगवायची, डाइंगची मिल आहे. यंदा कडोदऱ्याजवळ बंगला बांधला, मागे छोटा स्विमिंग पूल. रविवारी सगळ्या घरानं तिथं जमायचं ठरलं. माझी लेक चंचल तर आठवडाभर पोहण्याचा नवा ड्रेस घालून घरभर हुंदडत होती.

तिला पाण्यात सोडण्याआधी मी सहज पंपाच्या खोलीत डोकावले. बोर्डावर आरसीसीबी होतं, म्हणजे करंट गळाला की आपोआप पडून वीज तोडणारं स्विच. त्यावर लिहिलेलं, तीनशे मिलिअँपिअर. मी अकरावीला फिजिक्स शिकवते. तेवढा करंट गळेपर्यंत माणसाचा जीव जाईल तरी हे ढिम्म हलणार नाही. पाण्याजवळ तीसचंच हवं.

"दादा, हे कुठून आणलं?"

"मिलमाईन," ते कौतुकानं म्हणाले. "वायरमननं तीसनं लायेल व्हतं. दर घडी पडे. पंप बंद, पानी हिरवं. आते बघ, एक डाव बी पडत नही."

मिलमध्ये कापड रंगात असताना मशीन थांबलं की अख्खा लॉट वाया. म्हणून तिकडे पडणारं स्विच म्हणजे दुश्मन. तीच रीत उचलून यांनी पोरांच्या स्विमिंग पूलवर आणली!

"ते पडत होतं, कारण पंपातून करंट गळतोय," मी म्हणाले. "तुम्ही ओरडणाऱ्याचंच तोंड दाबलंत."

"हर्षदा, जाऊ दे ना," माझा नवरा अजिंक्य पुटपुटला. "सगळ्यांचा मूड कशाला घालवतेस?"

मूड! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी सरळ मेन स्विच खाली ओढलं आणि चंचलला काठावरून उचललं. ती भोकाड पसरून रडली. जाऊबाईंनी तोंड फिरवलं. रडू दे, फिरवू देत.

शेवटी दादांनी वायरमन मगनभाईंना बोलावलं. त्यांनी तीसचं स्विच परत बसवलं, पंप चालू केला, आणि ते तत्क्षणी पडलं. पंप उघडला तर पाणी अडवणारं सील गेलेलं, मोटरीत पाणी. दादांनी वाकून मोटरीतलं पाणी बघितलं, मग काठाकडे. काठावर त्यांची स्वतःची नातही उभी होती.

"नवा पंप बसाडसू," ते खालच्या आवाजात म्हणाले. "अन् तीसनंच ठेवसू."

मी इथंच थांबायला हवं होतं, असं अजिंक्य अजून म्हणतो.

"आणि मिलमध्ये?" मी विचारलं. "तिथं माणसं दिवसभर अनवाणी रंगाच्या पाण्यात उभी असतात ना?"

"तठे तीसनं लावं ते दिवसभर पडत ऱ्हाई," दादा म्हणाले.

ते का पडतं, हे आत्ताच डोळ्यांनी बघितलेला माणूस हे म्हणत होता.