लाइट गेली नव्हती

टेबलाखाली वाकून पाहायची सवय कुणालाच नसते, मित्रांनो, त्यामुळे माझी ओळख मलाच करून द्यावी लागते. मी सहा सॉकेटांचा एक जुना वीजबोर्ड. एके काळी पांढराशुभ्र होतो, आता दातांसारखा पिवळा पडलोय. पोलादपूरहून आंबेनळीच्या रस्त्याला लागलं की घाट चढायच्या आधी एक फाटा लागतो. त्या फाट्यावर बदरुन्निसाचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. तिथेच मी दहा वर्षं काढली.

माझा जन्म कुठल्या देशात झाला, देव जाणे. आठवतं ते एवढंच, की एका बाईने माझ्या पोटात पितळी पट्ट्या बसवल्या, त्यांच्यावर नखाएवढ्या तुकड्यांनी भरलेली एक हिरवी पट्टी ठेवली आणि झाकण लावलं. माझी सगळी अक्कल त्या हिरव्या पट्टीत. सहापैकी एक सॉकेट लाल, बाकी पाच साधी. लाल सॉकेटात कॉम्प्युटरची पिन घालायची. कॉम्प्युटर वीज ओढू लागला की तो जागा झाला असं मी समजायचं आणि पाचांना वीज सोडायची. त्याने वीज ओढणं थांबवलं की पाचांनाही बंद करायचं. एवढंच शिकवून मला जगात सोडलं. पुढे कधी शंका आली तर काय करायचं, ते कुणी शिकवलं नाही.

बदरुन्निसाचा धाकटा भाऊ शहबाज कुवेतला असतो. त्याने मला तिथून आणलं. माझी तिकडची जाडजूड पिन कापून त्याने इकडची बसवली, मला टेबलाखाली ठेवलं आणि बहिणीला बजावलं, "आपा, लाल भोकात फक्त कॉम्प्युटर. तिथे दुसरं काय घालायचं नाय. संध्याकाळी कॉम्प्युटर बंद केलास की झालं, बाकी सगळं हा बघेल."

आणि मी बघितलं की! त्याआधी बदरुन्निसाचा प्रिंटर रात्रभर चालू राहायचा, कधी पंखा फिरत राहायचा. ती अर्ध्या वाटेवरून परत येऊन कुलूप उघडायची. मी आल्यापासून तिची ती कटकट संपली. कॉम्प्युटर, त्याच्यामागे झेरॉक्सही काढणारा प्रिंटर, स्कॅनर, इंटरनेटचा डबा, टेबलफॅन. सकाळी एक बटण आणि सगळे जागे, संध्याकाळी एक बटण आणि सगळे गप्प. आलेल्या गिऱ्हाइकाला ती सांगायची, "बसा, एक गंमत दाखवते." लोक तोंडात बोट घालायचे. खोटं कशाला बोलू, मला त्या कौतुकाची चटक लागली होती. आपल्यासारखा शहाणा सबंध तालुक्यात नाही असं मी धरून चाललो होतो.

गेल्या वर्षी जुना कॉम्प्युटर मेला. शहबाजने नवा लॅपटॉप पाठवला. बदरुन्निसाने भावाचा शब्द पाळून त्याची पिन लाल सॉकेटात घातली. तिचं काहीच चुकलं नाही. पण लॅपटॉपचं वागणं निराळं. त्याच्या पोटात स्वतःची बॅटरी. ती रिकामी असेतोवर तो हावऱ्यासारखा वीज ओढतो. एकदा ती भरली की असा चिमूटभर वीज घेतो, की माझ्या हिरव्या पट्टीला ते कळतसुद्धा नाही. मला वाटायचं, हा झोपला. मग मी इमानाने पाचांनाही झोपवायचो.

बदरुन्निसा लॅपटॉप रोज घरी न्यायची. घरी मुलगी त्यावर अभ्यास करायची, त्यामुळे सकाळी दुकानात तो अर्धा रिकामा होऊनच यायचा. दुकान मिटायच्या वेळेपर्यंत त्याचं पोट भरत राहायचं आणि माझंही काम सुरळीत चालायचं. दोनदा संध्याकाळी मी सगळं बंद केलं. "लाइट गेली," म्हणत ती उठली आणि कुलूप लावून गेली. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट दिवसातून तीनदा जाते. त्यात कुणाला नवल वाटत नाही, कुणी वर मान करूनही बघत नाही.

अक्षदा आली तो दिवस ऑगस्टमधला होता. वरच्या वाडीतले रावजी आणि त्यांची ही लेक. बारावी सायन्स झालेली, बोलायला हळू, पण डोळ्यांनी सगळं टिपणारी. नर्सिंगच्या कॉलेजात तिला जागा लागली होती. ती मान्य आहे असं कळवायचं, सहा दाखले स्कॅन करून चढवायचे, आणि मुदत त्याच दिवशी पाच वाजेपर्यंत. दाखल्यांतला एक महाडला मामाकडे राहिला होता. रावजी पहाटेच्या एसटीने जाऊन तो घेऊन आले होते, म्हणून एवढा उशीर.

"मावशी, आज झालंच पाहिजे," अक्षदा म्हणाली. "आई बोललीय, यंदा जागा लागली तर शीक. नाय तर कशेडीकडचं स्थळ बघितलंय, त्यांना होकार द्यायचा."

"होईल गो बाय," बदरुन्निसा म्हणाली. "दोन वाजलेत. तीन तास पडलेत अजून."

चार दाखले चढले. पाचवा स्कॅनरवर ठेवला आणि तेवढ्यात लॅपटॉपची बॅटरी भरली. आदल्या रात्री मुलीने तो फारसा वापरला नव्हता, म्हणून एरवीपेक्षा लवकर. मला वाटलं, धनी झोपले. मी हात आखडले. प्रिंटर विझला, इंटरनेटच्या डब्याचे दिवे गेले, पंखा दोन फेरे फिरून थांबला.

"गेली लाइट," बदरुन्निसा म्हणाली.

मित्रांनो, लाइट गेली नव्हती. भिंतीत वीज होती, तारेत होती, माझ्या पोटापर्यंत येऊन थांबली होती. पण त्या खोलीत जे जे चालायचं ते माझ्यावरच चालायचं. छताला एक ट्यूब होती, पण बदरुन्निसा ती संध्याकाळची मगरिबची अजान झाल्याशिवाय लावत नसे. दिवसा दिवा लावायचा नाही हा तिच्या आईचा नेम, तो तिने पुढे चालवला होता. शेजारचं सलूनही त्या दिवशी बंद, म्हणजे तिथे डोकावून बघायचीही सोय नव्हती. तिने चार्जिंग वाचावं म्हणून लॅपटॉपचं झाकण मिटलं. झाकण मिटल्यावर तर माझी खात्रीच पटली.

तिघं पायरीवर जाऊन बसली. तिथे बोलण्यापुरती रेंज येते, नेट चालत नाही. बदरुन्निसाने वायरमनला फोन लावला. त्याने न विचारताच सांगून टाकलं, "वरच्या अंगाला फॉल्ट हाय ताई, पोरं खांबावर चढलीत, येईल तासाभरात." तो फॉल्ट भलत्याच लाइनवर होता, पण ते कुणी कुणाला सांगायचं?

"पोलादपूरला जाऊ काय?" रावजींनी विचारलं.

"तिकडेपण नसेल भाऊ, लाइन एकच हाय. तुम्ही वाटेत असाल आणि इकडे येईल." रावजींना ते पटलं. मलाही पटलं असतं.

तीन वाजले. साडेतीन वाजले. बदरुन्निसाने चहा केला, गॅसवर. अक्षदाने कपाला तोंड लावलं नाही. ती दर पाच मिनिटांनी आत येऊन पंख्याकडे बघायची आणि परत जायची. टेबलाखाली माझा एवढासा लाल दिवा जळत होता. वीज आहे एवढं सांगण्यासाठीच तो मला दिलेला. मी त्या पोरीच्या पायांकडे बघत होतो आणि वाकून बघ, एकदा वाकून बघ, असं घोकत होतो. मला तोंड नाही, आणि असतं तरी मी काय सांगितलं असतं? मालक झोपलाय, हेच.

पावणेपाचला आभाळ भरून आलं आणि आत अंधारलं. अक्षदाला पिशवीतले दाखले पुन्हा मोजायचे होते. घरच्या सवयीने तिचा हात भिंतीवरच्या बटणावर गेला.

ट्यूब लागली.

"आली वाटतं," रावजी पायरीवरून म्हणाले. पण बदरुन्निसा पंख्याकडे बघत होती. पंखा हलत नव्हता. ती गुडघ्यांवर बसली, टेबलाखाली वाकली आणि तिला माझा दिवा दिसला. तिचा चेहरा पार उतरला.

मग जी धावपळ झाली ती सांगवत नाही. तिने पिना उपटून भिंतीत घातल्या. इंटरनेटचा डबा जागा व्हायला दोन मिनिटं. साइटने तिला बाहेर काढलं होतं, पुन्हा पासवर्ड. ओटीपीसाठी अक्षदा पावसात रस्त्यावर उभी राहून मोबाईल डोक्यावर धरत होती. तो आला चार सत्तावन्नला. पाचवा दाखला चढला. सहावा चढवताना पडद्यावरचं चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि मग तिथे एक ओळ आली, की मुदत संपली आहे.

रावजींनी दाखले एकेक करून पिशवीत भरले. "बदरूबाय, लाइट होती म्हणतेस?"

"होती भाऊ. सगळा वेळ होती."

"मग आपण बसून कशाला ऱ्हायलो?"

बदरुन्निसा तोंडाला ओढणी लावून रडत होती आणि अक्षदा तिची पाठ चोळत होती. उलटं व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून बदरुन्निसाने किती फोन केले. सगळीकडून एकच जबाब, कळवलं नाही म्हणजे जागा नाकारली असं धरतात, पुढच्या फेऱ्यांतही नाव येत नाही. शहबाज फोनवर म्हणाला, "आपा, तो बोर्ड लॅपटॉपला चालत नाय. सांगायचं राहूनच गेलं." तिने मला वायरीत गुंडाळून कोपऱ्यातल्या गोणपाटावर टाकलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पंधरा दिवसांनी अक्षदा पुन्हा आली, या वेळी आई ठकूबाईबरोबर. स्थळाकडच्यांना द्यायला बायोडाटा करून हवा होता. बदरुन्निसाने टाइप करायला घेतलं. नाव, जन्मतारीख, उंची. मग तिचा हात थांबला.

"शिक्षण काय लिहू गो?"

"बारावी," अक्षदा म्हणाली. "पुढं काय नाय."

मला पुसा, सांभाळा, कोपऱ्यातून उचला, असं मी तुम्हाला सांगणार नाही, मित्रांनो. तो हक्क मी गमावला. एवढंच सांगतो. घरात सगळं एकदम थांबलं आणि कुणी म्हणालं लाइट गेली, तर तुमच्यातल्या कुणी तरी एकाने उठावं आणि भिंतीवरचं एखादं बटण दाबून बघावं. आणि माझ्यासारखा एखादा बोर्ड तुमच्या टेबलाखाली असेल, तर त्याच्या शहाणपणाचं कौतुक जरा बेताने करा. मी एक दिवसही कामचुकारपणा केला नाही. त्या दुपारीही मी माझं काम चोख केलं.