तुषारांखालची खाट

नारायणराव खानवलकर रेल्वेच्या नोकरीवर साताऱ्याहून झाशीला आले आणि इथलेच झाले. त्यांचे चिरंजीव अनंतराव यांनी ती नोकरी सोडून झाशीतल्याच नगरा वस्तीत बर्फखाना उभारला. अनंतरावांचे चिरंजीव आबासाहेब यांनी तो असा चालवला की, वैशाख-ज्येष्ठात त्याचं यंत्र एक दिवसही थांबलं नाही. आणि आबासाहेबांची एकुलती एक लेक इंदुमती, सत्तरी ओलांडलेली, पदर कमरेला खोचून या क्षणी पाणी थंड करण्याच्या टॉवरच्या लोखंडी शिडीवर उभी होती.

शिडी खालून मुकेशने धरली होती. बर्फखान्याची यंत्रं तोच सांभाळी. अम्माजी, आता उतरा, असं त्याचं दोनदा विनवून झालं होतं. इंदुमतीबाईंनी लक्ष दिलं नाही. सकाळपासून यंत्राचा आवाज त्यांच्या कानाला बोचत होता. घशात काही अडकलेल्या माणसासारखा तो घरघरत होता, दाबाचा काटा वर चढत चालला होता आणि बर्फाच्या लाद्या मधोमध पोकळ निघत होत्या. त्यांनी टॉवरच्या लाकडी पट्ट्यांच्या फटीत हात घातला आणि बोट ओढून बाहेर काढलं. बोटावर तपकिरी, बुळबुळीत साय आली होती. तिला तळ्याच्या तळासारखा वास येत होता.

"क्षार म्हणालास ना तू मुकेश?" त्या वरूनच म्हणाल्या. "क्षार असा लिबलिबतो?"

उत्तर शर्वरीने दिलं. शर्वरी ही त्यांची नात. कानपूरकडच्या एका खत कारखान्यात यंत्रांच्या पाण्याची देखभाल करत तिने काही वर्षं काढली होती आणि दिवाळीपासून ती आजीच्या हाताखाली बर्फखाना शिकत होती. मराठी तिला सगळी कळे. बोलताना मात्र अर्ध्या वाटेवर हिंदी येऊन मिळे.

"आजी, हे जंतू आहेत. थर करून राहतात. ये उनका घर है, भिंती-छप्पर सगळं. आपण टाकीत ब्लीचिंग पावडर टाकतो ना, ती फक्त बाहेर रस्त्यावर फिरणाऱ्यांना लागते. घरातले आरामात बसलेले असतात. नळ्यांच्या आत पण हाच थर आहे, म्हणून पाण्याला उष्णता ओढता येत नाही."

"मग पावडर वाढवा."

"तीन महिने वाढवतोय. नळ्या गंजतील, हे नाही मरणार."

इंदुमतीबाई शिडी उतरल्या. बोट पुसायला मुकेशने पुढे केलेलं फडकं त्यांनी घेतलं, पण बोट पुसूनही त्या ते पुन्हा पुन्हा पुसत राहिल्या. शर्वरी टॉवरला वळसा घालून पूर्वेच्या अंगाला गेली होती. तिथून तिने विचारलं की, या बाजूच्या जाळ्या कुठे गेल्या. पंख्याच्या वाऱ्याबरोबर उडणारे तुषार अडवायला टॉवरच्या माथ्यावर जाळ्या असतात; बाकी सगळीकडे होत्या, इथेच नव्हत्या. मुकेश जमिनीकडे पाहू लागला.

"मी काढायला लावल्या," इंदुमतीबाई म्हणाल्या. "बारा वर्षं झाली असतील."

पूर्वेच्या भिंतीपलीकडे शेजारच्या फूलकुंवरचं अंगण होतं. चैत्र सरला की त्या अंगणात, बरोबर टॉवरच्या अंगाला, तिची सुतळीने विणलेली खाट पडे ती पाऊस येईपर्यंत. झाशीच्या उन्हाळ्यात दगडसुद्धा रात्री तापलेले असतात. फूलकुंवरच्या अंगावर मात्र गार तुषारांची भुरभुर होत असे. नगऱ्यातल्या बायका त्या खाटेला शिमला म्हणत, आणि दुपारपुरती शिमल्याला जागा मागायला येत. जाळ्या काढायला लावल्या त्या दिवशी इंदुमतीबाई स्वतः भिंतीशी उभ्या राहिल्या होत्या, आणि पहिले तुषार फूलकुंवरच्या पांढऱ्या केसांवर पडलेले पाहून समाधानाने घरात गेल्या होत्या.

शर्वरी बराच वेळ भिंतीपलीकडे पाहत राहिली. खाट रिकामी होती. फूलकुंवर आठवडाभर इस्पितळात होती. तिचा मुलगा संतोष सगळ्यांना सांगत होता की, अम्माला लू, म्हणजे उन्हाची झळ, लागली.

"आजी, फूलकुंवर आजीला नेमकं काय झालंय?"

"ताप. खोकला. दोन्ही फुप्फुसांना सूज आहे म्हणतात."

शर्वरीने जे सांगितलं ते तिने जपून, शब्द निवडून सांगितलं. या थरात एक जात अशी असते की, ती पाण्यातून पोटात गेली तर फारसं काही करत नाही. तुषारांतून श्वासावाटे छातीत गेली तर म्हाताऱ्या माणसाला आडवं करते. इथे ती आहेच असं ती म्हणत नव्हती. पाण्याचा नमुना तिने तपासायला पाठवला होता. पण उत्तर येईपर्यंत थांबायला ती तयार नव्हती. चार दिवस यंत्र बंद ठेवू, ती म्हणाली, टाकी रिकामी करू, नळ्या उघडून ब्रश फिरवू, आधी थर सुटा करणारं औषध आणि मग कडक क्लोरीन फिरवू.

"वैशाखात?" इंदुमतीबाईंनी विचारलं.

"हो."

"या बर्फखान्याचं यंत्र वैशाखात थांबत नाही, शर्वरी. जाळ्या आज बसवून घ्या. बाकीचं पावसाळ्यात."

विषय संपला, असं त्यांच्या पाठीने सांगितलं. तरी त्या दुपारी त्या आडव्या झाल्या नाहीत. या खोलीतून त्या खोलीत गेल्या, जेवणाचं ताट पुढे आलं ते तसंच परत पाठवलं, माणिक चौकातल्या सरबतवाल्यांच्या लाद्या वेळेवर गेल्या का, हे एकाच तासात मुकेशला तीनदा विचारलं. दर खेपेला त्यांचे पाय पूर्वेच्या खिडकीशी जाऊन थांबत.

वैशाखात यंत्र थांबत नाही हे खरं होतं. ते का थांबलं नाही, हे आता सांगू शकणारी दोनच माणसं उरली होती. इंदुमती विशीत असताना दुष्काळाचं एक साल असं आलं होतं की, नळ कोरडे पडले, बर्फखान्याची विहीर गाळ देऊ लागली, आणि आबासाहेब आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या दारात उभे राहिले. भिंतीपलीकडे तेव्हा अंगण नव्हतं, काकडी-खरबुजाची वाडी होती, आणि त्या वाडीच्या विहिरीला पाणी होतं. फूलकुंवर नवी नवरी. नवरा फौजेत, सासरा अंथरुणाला खिळलेला. आबासाहेबांनी विहिरीचं अर्धं पाणी मागितलं. तिने घुंघट न काढता सांगितलं की, अर्ध्या पाण्यात तुमचं यंत्रही चालणार नाही आणि माझे वेलही जगणार नाहीत, तेव्हा सगळंच न्या. त्या हंगामात तिचे वेल फुलोऱ्यावर असताना वाळले. इंदुमतीने ते भिंतीवरून पाहिले होते. पुढे आबासाहेबांनी मोबदला पाठवला तो दारातूनच परत आला. सासऱ्याची श्रद्धा आहे, पाणी विकायचं नसतं, एवढाच निरोप त्याबरोबर होता. शेवटच्या आजारात आबासाहेब लेकीला म्हणाले होते की, बाकी सगळं मी फेडून चाललो आहे, हे एक तुझ्याकडे ठेवून जातो.

म्हणून ते तुषार. आपण दरसाल थोडं थोडं फेडतो आहोत, असं इंदुमतीबाईंनी धरलं होतं.

उन्हं कलल्यावर त्यांनी रिक्षा बोलावली आणि इस्पितळ गाठलं. फूलकुंवरच्या नाकाला प्राणवायूची नळी होती. डोळे मिटलेले, छाती भात्यासारखी वर-खाली होत होती, आणि प्रत्येक श्वासामागे तो आवाज होता, सकाळपासून इंदुमतीबाईंच्या कानाला बोचणारा. त्या स्टुलावर बसल्या नाहीत. पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या, मग उशाशी गेल्या, मग पुन्हा पायथ्याशी. संतोषने त्यांना वाकून नमस्कार केला. डॉक्टरांनी औषध बदललं होतं, आता उतार पडेल अशी त्याला आशा होती.

"अम्माजी, डॉक्टर कह रहे थे, छुट्टी के बाद ठंडी जगह रखना," तो म्हणाला. "हमने कहा, उसकी फिकर नहीं। टावर के नीचे खाट है। रात को भी वहीं सुलाएँगे।"

त्याच्या चेहऱ्यावर निखळ कृतज्ञता होती. इंदुमतीबाईंनी पलंगाचा गज धरला आणि काही वेळ सोडला नाही.

घरी येताच त्या थेट यंत्राच्या खोलीत गेल्या. शर्वरी आणि मुकेश दाबाच्या काट्यासमोर उभे होते.

"तू चार दिवस म्हणालीस. चार दिवसांत सगळं जाईल?"

"नळ्यांतलं जाईल. लाकडी पट्ट्यांत थोडं राहीलच. लाकूड आहे, आत मुरतं. पण मग दोन औषधं आलटून पालटून टाकत राहिलो, दर आठवड्याला पाणी तपासलं, तर दबून राहील."

"दबून राहील ते मी विचारलं नाही. पूर्ण काय?"

"पूर्ण म्हणजे टॉवरचं पोट काढून टाकायचं. नव्या पट्ट्या बनवून मागवायच्या, त्या यायला पावसाळा उजाडेल. आजी, पूरा सीज़न जाएगा. मी तेवढं मागत नाहीये."

"मला कळतं तू किती मागते आहेस," इंदुमतीबाई म्हणाल्या. "मुकेश, बंद कर."

मुकेशने शर्वरीकडे पाहिलं. मग अम्माजींकडे पाहिलं, आणि पुन्हा विचारण्याची हिंमत केली नाही. खटका खाली आला. पट्टा सुटत सुटत फिरला, मंदावला, थांबला. अनंतरावांनी बांधलेल्या त्या खोलीत वैशाखातली शांतता पहिल्यांदाच ऐकू येत होती, आणि ती कोणालाच सोसवत नव्हती. मुकेश उगाच एक बोल्ट घट्ट करू लागला.

दुसऱ्या दिवशी इंदुमतीबाईंनी आणखी एक गोष्ट केली. दतिया गेटच्या नव्या बर्फखान्याच्या गुप्तांशी पंधरा वर्षं त्यांचं बोलणं नव्हतं. गावातलं खानवलकरांचं एकेक गिऱ्हाईक गुप्ता ओढून नेत असत. इंदुमतीबाईंनी स्वतः फोन केला आणि आपल्याकडे बोली झालेल्या लग्नांचा बर्फ तुम्ही पोचवा, असं सांगितलं. गुप्ताजी इतके गोंधळले की, बहनजी, तबीयत तो ठीक है, असं त्यांनी दोन वेळा विचारलं. गेलेली गिऱ्हाइकं परत येत नसतात, हे दोघांनाही ठाऊक होतं.

त्यानंतरचे दिवस इंदुमतीबाईंनी टॉवरसमोर खुर्ची टाकून काढले, पण खुर्चीत फारशा बसल्या नाहीत. तोंडाला फडकी बांधलेले मजूर ओली लाकडं उतरवत होते. प्रत्येक पट्टीच्या दोन्ही अंगांना तोच थर होता, कुठे जिभेसारखा लोंबणारा. त्या प्रत्येक पट्टी पाहत. पहिल्या खेपेला माणसं ढिलाईने घासतात म्हणून नळ्या त्यांनी दुसऱ्यांदा घासायला लावल्या. नमुन्याचं उत्तर आलं तेव्हा शर्वरी त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली. ती जात टाकीत सापडली होती. फूलकुंवरच्या छातीतली तीच, असं मी ठासून म्हणणार नाही, ती म्हणाली. इंदुमतीबाईंनी मान हलवली आणि मजुरांना पुढची पट्टी उतरवायला सांगितलं.

फूलकुंवर घरी आली ती रिक्षातून संतोषच्या खांद्यावर मान टेकून. खाट आता ओसरीत, भिंतीपासून लांब टाकली होती. भर दुपारी इंदुमतीबाई एकट्याच, रस्त्याने वळसा घालून, तिच्या दारात आल्या. ओसरीवर तापलेली हवा थबकून होती. फूलकुंवरने डोळे उघडले, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती कान देऊन काहीतरी शोधत होती.

"काए जिज्जी," ती शेवटी आपल्या बुंदेलीत, मोठ्या बहिणीला विचारावं तसं, म्हणाली, "मसीन नईं बोल रई."

"बंद आहे."

"कब लौं?"

"पाऊस येईपर्यंत."

संतोषने फूलकुंवरला टॉवरच्या पाण्याचं सांगितलं होतं, तिने ते मनावर घेतलं नव्हतं. बुढ़ापा है, पानी को का दोस, एवढंच म्हणाली होती. आता मात्र ती इंदुमतीबाईंकडे टक लावून पाहत राहिली. तिचे ओठ किंचित हलले. जणू त्या दुष्काळात वाळलेल्या वेलांच्या रांगा मनातल्या मनात पुन्हा एकदा पाहत होती.

"पूरो बैसाख-जेठ," ती म्हणाली. मग, येणं फिटल्याचं मोजून मापून सांगावं तशी, "अब हमाओ कछू नईं बचो तुम पे, जिज्जी. बैठ जाओ."

इंदुमतीबाई बसल्या. संतोषने आणलेल्या खुर्चीत नव्हे, खाटेच्या काठावर, सुतळीला बाक येईल अशा.

दुष्काळाच्या त्या सालापासून त्या या घरात पाण्याला शिवल्या नव्हत्या. संतोषच्या बायकोने लग्न होऊन आल्यावर एकदा पेला पुढे केला होता, तेव्हा सासूनेच तिला डोळ्यांनी मागे सारलं होतं. खानवलकरांच्या बाई सोवळ्याच्या आहेत, आपल्या हातचं घेत नाहीत, असं नगऱ्यात सगळे समजत, आणि इंदुमतीबाईंनी तो समज कधी मोडला नव्हता. खरं कारण या दोघींनाच ठाऊक होतं: विहिरीच्या पाण्याचं ऋण फिटेपर्यंत या घरचा घोट घ्यायचा नाही.

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. इंदुमतीबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"बहू," त्या म्हणाल्या, "पाणी दे."

सुनेने सासूकडे पाहिलं. फूलकुंवरने डोळे मिटून घेतले होते. माठावरचं झाकण सरकल्याचा आवाज आला, आणि पेला हातात येईस्तोवर इंदुमतीबाई हात पुढे करून बसून राहिल्या.