पूजाचं पाणी

माझ्या हाताला सफाई नाही, हे मी दोन वर्षं ऐकून घेतलं. दोन वर्षं! आमच्या पूजाला जुलाब लागले की ठमाबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओट्याशी येऊन उभ्या राहायच्या आणि माझी नखं बघायच्या. "लेकरू सारखं आजारी पडतंय, म्हंजी कुठंतरी चुकतंय ना बाई? हात नीट धुती का तू?" आणि मी एवढी येडी, की साबणाने चोळून चोळून बोटांची सालं काढली. उलटून एक शब्द बोलले नाही.

पूजाचं तर पाणीसुद्धा वेगळं होतं. ज्ञानेश भाऊजी, माझे धाकटे दीर, दोन हजार चार साली अमेरिकेहून आले ते तिच्यासाठी फिल्टरचा जग घेऊन. वरच्या भांड्यात नळाचं पाणी ओतायचं, मधल्या फिल्टरमधून ते झिरपत खाली उतरायचं. झाकणावर एवढासा दिवा. हिरवा असला तर फिल्टर चांगला, लाल झाला की बदलायचा. एक फिल्टर दोन महिने चालतो, असं म्हणून भाऊजींनी जादाचे सहा फिल्टर दिले, आणि ते कसे बदलायचे हे समजावलं कुणाला? माझ्या नवऱ्याला. कारण सोमनाथराव सातपूरला कंपनीत मेंटेनन्सला. मशीनमधलं त्यांना कळतं. मला काय कळणार? मी आपली पाणी भरणारी.

मी कधीही बघावं तर दिवा हिरवा. नवऱ्यावर भरवसा होता हो. वेळच्या वेळी बदलत असतील, असं धरून चालले.

त्या जगातल्या पाण्याला आम्ही कुणी तोंड लावत नव्हतो. ते पाणी फक्त पूजाचं. सासूबाई, हे, मी, तिघंही नळाचं पीत होतो आणि धडधाकट होतो. आजारी पडायची ती एकटी पूजा. हे समोर दिसत असून आमच्यातल्या एकाच्याही टाळक्यात शिरलं नाही.

गेल्या श्रावणात तिला ॲडमिट केलं. सात वर्षांची पोर, वजन पंधरा किलो. डोळे खोल गेलेले. डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं आणि माझ्यावर नजर रोखून म्हणाल्या, "असं दर महिन्या-दीड महिन्याने होतंय तिला. आता शरीरात काही उरलेलं नाही. पुन्हा असं झालं तर मी शब्द देऊ शकत नाही. पाणी कुठलं देता?"

"फिल्टरचं," मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. "अमेरिकेचा आहे."

"शेवटचा कधी बदलला?"

ते तर यांनाच ठाऊक.

सासूबाईंना पूजापाशी बसवलं आणि कपडे आणायला आम्ही दोघं घरी आलो. मी पिशवी भरत होते. हे ओट्याशी उभे राहून फोनवर सुपरवायझरला रजेचं सांगत होते. जगाच्या झाकणावर लाल दिवा लुकलुकत होता. यांनी बोलता बोलता झाकणावरचं बटण अंगठ्याने दाबून धरलं. एक, दोन, तीन. दिवा हिरवा झाला. फोन चालूच.

मी पिशवी खाली टाकली. "अहो, हे काय केलंत?"

"काही नाही गं. लाल झाला होता. रिसेट मारला."

"आणि फिल्टर?"

"चालतोय की तो. पाणी येतंय ना खाली?"

"आजवर एकदा तरी बदललात?"

तर हे मला शिकवायला लागले! कंपनीत मशीनवर लाल दिवा लागला की आधी रिसेट मारायचा. चालली तर चालू द्यायची. चालता पार्ट काढून कुणी नवा टाकत नाही. स्पेअर स्टोअरमध्येच राहिला पाहिजे. मग स्टुलावर चढून यांनी माळ्यावरून पुडकं काढलं आणि माझ्यासमोर उघडलं. सहाच्या सहा फिल्टर, पेपरात गुंडाळलेले, सीलसुद्धा फोडलेलं नाही. "तिच्यासाठीच जपून ठेवलेत," म्हणे. "दहावीपर्यंत पुरले असते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी जगातला फिल्टर उपसून काढला. बाहेरून बुळबुळीत, शेवाळी. आमचा फुलांचा मळा आहे, शेवंतीचे देठ बादलीत आठवडाभर राहिले की पाण्याला जो वास येतो, तोच वास. "घ्या," मी तो त्यांच्या नाकापाशी नेला. "हुंगा! तुमची पोर मशीन आहे का हो? बंद पडल्यावर उघडणार होतात तिला?"

ते मागे सरकले.

दवाखान्यात गेले ती तो फिल्टर पिशवीत घालूनच. डॉक्टरीणबाईंनी दुरूनच पाहिला. म्हणाल्या, "नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं. हा फिल्टर ते काढून घेतो. आणि इतका जुना झाला की त्याच्यातच जंतू वाढतात. यापेक्षा साधं नळाचं उकळून दिलं असतं तर बरं होतं."

सासूबाई शेजारीच उभ्या, हे माझ्या मागे. मी पिशवी त्यांच्यापुढे धरली. "माझी नखं बघत होतात ना? आता हे बघा. नीट बघा!" सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. बघू दे. त्यांनी पदर नाकाला लावला आणि लेकाकडे बघून एवढंच म्हणाल्या, "सोमा, हे रं काय केलं?" मला मात्र एका शब्दाने काही म्हणाल्या नाहीत. दोन वर्षांचं बोलणं असं गिळून टाकलं!

मी अजून बोलणार होते. खूप बोलणार होते. तेवढ्यात नर्सने पेला आणून माझ्या हातात दिला. "उकळलेलं आहे. थोडं थोडं पाजा."

मी पेला पूजाच्या ओठांना लावला. तिने तोंड घट्ट मिटून घेतलं.

"पी ना, राणी."

"जगातलं आहे?"

"नाही गं. इथलंच आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. "मग मारशील."

जूनमध्ये मैत्रिणींबरोबर शाळेच्या नळावर पाणी प्यायली होती, म्हणून मी तिच्या थोबाडीत मारली होती. तेव्हापासून पोर दिवसभर तहानलेली राहायची. संध्याकाळी घरी आली की दप्तर टाकून त्या जगातले दोन-दोन पेले घटाघटा प्यायची, आणि मी कौतुकाने तिसरा ओतायचे.

"नाही मारणार," मी म्हणाले. "आईची शप्पथ."

तिच्या एका हाताला सलाईन होतं. दुसरा हात तिने गालावर धरला, आणि मग मी धरलेल्या पेल्यातून पाणी प्यायली.