गळ्यापर्यंत चेन

सकाळी एका फुटबॉल क्लबने आमच्या गोलकीपरबाईंची करारावर सही घेतली आणि क्लबचा टी-शर्ट घालायला लावून फोटो काढला. आता कॉलेजला रामराम. पण टीमला तोंडावर सांगायची हिंमत कुठून आणायची? सगळ्या वर्गात असतील तेव्हा गुपचूप बूट उचलून सटकायचं, असं बाईंनी ठरवलं. टी-शर्टवर जॅकेट चढवलं, चेन गळ्यापर्यंत ओढली.

कपडे बदलायच्या खोलीत अख्खी टीम बसलेली. बाकावर तिच्या राहिलेल्या विषयाची पुस्तकं.

"या बाई," कॅप्टन म्हणाली. "धडे वाटून घेतलेत. एकेकीने एकेक धडा तुझ्या डोक्यात कोंबायचा. डिग्री सोडून त्या क्लबकडे पळालीस तर तंगडं मोडीन."

सगळ्या हसल्या. तीही हसली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मानेवरून घाम निथळत होता.

"जॅकेट काढ की. भट्टी झालीये इथे."

"थंडी वाजतेय मला."

कॅप्टनने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग पंखा बंद केला आणि खुंटीवरचं स्वतःचं जॅकेट काढून तिच्या खांद्यांवर घातलं. बाकीच्या घामाघूम झाल्या, पण एकीनेही हूं की चूं केलं नाही.

"बस," कॅप्टन म्हणाली. "पहिला धडा माझा."